विलेमस्टॅडमध्ये जहाज थांबलंय? मग पुलापासून लांब जाऊ नका

क्रूझवर कुरासाओचा (कॅरिबियनमधलं बेट, विलेमस्टॅड ही त्याची राजधानी) स्टॉप आला की निम्मं जहाज टूरच्या बसमध्ये बसून बीचवर जातं. बीच सुंदरच आहेत, केनेपा ग्रांदीच्या पाण्याचा रंग कुठल्याच फोटोत नीट येत नाही, पण ते आहेत बेटाच्या पश्चिम टोकाला, जायला तासभर, यायला तासभर, म्हणजे हातात जे सहासात तास असतात त्यातले दोन बसच्या खिडकीतच गेले. आणि बीच पुढच्या बंदरालाही मिळतो हो! विलेमस्टॅड नाही मिळत. माझं तर स्पष्ट मत आहे, इथे टॅक्सी नको, बस नको, नुसतं पायी फिरायचं आणि ते पण पुलाच्या दोन्ही बाजूंना, बस्स.

आधी नकाशा डोक्यात बसवून घ्या. शहराच्या मधोमध सेंट अ‍ॅना बे नावाची समुद्राची अरुंद पट्टी आत घुसलीये, तिच्या एका बाजूला पुंडा आणि दुसऱ्या बाजूला ओट्रोबांडा. मोठी जहाजं बहुतेक मेगा पिअरला लागतात, ते ओट्रोबांडाच्या बाजूला, तिथून चालत रिफ फोर्टमधून (जुना किल्लाच आहे पण आत आता दुकानं आणि हॉटेलं) पुलापर्यंत दहापंधरा मिनिटं. रंगीत घरांची जी रांग सगळीकडे फोटोत दिसते ती हांडेल्स्काडे, ती पलीकडे पुंडात. म्हणजे बघायचं बरंच काही पलीकडे आणि जहाज अलीकडे, आणि मधला क्वीन एम्मा पूल मनात येईल तेव्हा उघडतो! हे एकदा लक्षात ठेवलं की दिवसाचं प्लॅनिंग आपोआप होतं.

पुलाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते बघायची खरी गोष्ट तीच आहे. १८८८ साली बांधलेला हा पूल पाण्यावर तरंगतो, खाली होड्यांसारखे पोंटून आहेत आणि वर लाकडी फळ्या, चालताना पायाखाली तो हलका हलतोय हे जाणवतं. बोट आली की घंटा वाजते, फाटक लागतं, आणि अख्खा पूल ओट्रोबांडाच्या टोकाला बिजागरी असल्यासारखा फिरून काठाला जाऊन लागतो. पुंडाकडच्या टोकाला चालकाची छोटी केबिन आणि इंजिन आहे, म्हणजे पूल अक्षरशः बोटीसारखा चालवत नेतात. घंटा वाजली की लोक पळतात, पण तुम्ही पुलावरच असाल तर पळू नका, तिथेच थांबा, पुलाबरोबर तुम्ही पण फिरता, आणि समोरची ती पिवळी, निळी, गुलाबी घरं हळूहळू बाजूला सरकायला लागतात, कठडा धरून ते बघत राहायचं. पूर्वी हा पूल ओलांडायला टोल होता, पायात चपला-बूट असतील तर पैसे द्यायचे आणि अनवाणी असाल तर फुकट. सांगतात की गरीब माणसं मान राखायला बूट उसने घेऊन पैसे भरायची आणि पैसेवाले बूट काढून हातात घ्यायचे. १९३४ मध्ये टोल बंद झाला, आणि १९७४ मध्ये मागे उंच क्वीन युलियाना पूल झाल्यावर गाड्या तिकडे गेल्या, आता हा फक्त चालणाऱ्यांचा.

पुलावरचा झेंडा बघायची सवय लावा. केशरी झेंडा म्हणजे थोड्या वेळासाठी उघडलाय, निळा म्हणजे मोठं जहाज येतंय, वेळ लागणार. निळा दिसला तरी घाबरायचं कारण नाही, तेवढ्या वेळात जवळच्या धक्क्यावरून फेरी सुटते, ती फुकट आहे आणि दोनचार मिनिटांत पलीकडे. पण परतताना ऐन वेळेवर पूल उघडला तर फेरीला गर्दी होते, म्हणून बोर्डिंगच्या तासभर आधी तरी ओट्रोबांडाला परत या. आणि घड्याळ जहाजाच्या टाइमवर ठेवा, बेटावरचा टाइम वेगळा असू शकतो.

पुंडात पोचलात की दुकानं नंतर, आधी फोर्ट अ‍ॅम्स्टरडॅम. आतल्या चर्चच्या भिंतीत १८०४ च्या इंग्रजांच्या हल्ल्यातला तोफेचा गोळा अजून तसाच रुतलेला आहे, वर मान करून शोधायला लागतो. मग सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. ही १७३२ ची इमारत आहे, अमेरिका खंडात सलग वापरात असलेलं सगळ्यात जुनं सिनेगॉग. आत गेलात की पायाखाली वाळू, अख्ख्या जमिनीवर. कोणी म्हणतं ज्यूंच्या वाळवंटातल्या भटकंतीची आठवण, कोणी म्हणतं स्पेन-पोर्तुगालमध्ये ते लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज येऊ नये म्हणून वाळू टाकायचे त्याची आठवण. बाहेर टळटळीत ऊन आणि आत गडद महोगनी, पितळेची मोठी झुंबरं, आणि वाळूमुळे कोणाच्याच चालण्याचा आवाज नाही. निवांत बसा तिथे. शनिवारी मात्र पर्यटकांना बंद असतं.

घरांच्या रंगांची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे, १८१७ मध्ये इथला गव्हर्नर किकर्ट म्हणाला की पांढऱ्या भिंतींवरच्या उन्हाने माझं डोकं दुखतं, आणि सगळ्यांना दुसरे रंग लावायला लावले. त्याचा रंगाच्या धंद्यात वाटा होता असंही म्हणतात. दुपारी तिथे उभं राहिलात की डोकेदुखीचं कारण तरी नक्की पटतं, टोपी आणि पाणी हवंच.

जेवण प्लासा बीयूमध्येच. जुना मार्केट हॉल आहे, फक्त दुपारी चालू, मोठमोठी पातेली, लांब बाकडी, शेजारी ऑफिसातले लोक जेवायला आलेले. काब्रिटू स्टोबा म्हणजे बोकडाचा रस्सा आणि सोबत फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हे घ्या. मटण खात नसाल तर मासा असतो. बाराच्या आत पोचा, चांगले पदार्थ लवकर संपतात. डॉलर सगळीकडे चालतात पण सुटे बरेचदा गिल्डरमध्ये मिळतात (२०२५ पासून नवीन कॅरिबियन गिल्डर आलाय), म्हणून लहान नोटा ठेवा. जवळच्या धक्क्यावर व्हेनेझुएलाच्या फळभाजीच्या होड्यांचा बाजार लागायचा, २०१९ मध्ये सीमा बंद झाल्यापासून ती जुनी रांग राहिली नाही, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून खास त्यासाठी जाऊ नका.

जेवून पूल ओलांडून परत ओट्रोबांडाला या, कारण मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे, कुरा हुलांडा म्युझियम. पलीकडच्या रंगीत घरांमागे पैसा कुठून आला ते इथे कळतं. सतराव्या शतकात हे बेट डचांच्या गुलामांच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं, आफ्रिकेतून आणलेली माणसं इथून पुढे विकली जायची. बेड्या आहेत, आणि जहाजाच्या तळातली माणसं कोंबायची जागा तशीच करून ठेवलीये, उतरून बघता येते, मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही. १७९५ मध्ये टुला नावाच्या गुलामाने या बेटावर उठाव केला, त्याला हालहाल करून मारलं, आणि गुलामगिरी बंद व्हायला १८६३ उजाडलं. कितीही घाई असली तरी हे सोडू नका, वेळ कमी पडला तर पुंडातली दुकानं सोडा, परफ्यूम आणि घड्याळं जहाजावरही मिळतात.

तुमचं जहाज उशिरा निघणार असेल तर अंधार पडेपर्यंत ओट्रोबांडाच्या काठावरच बसा, पुलाच्या कमानींवर दिवे लागतात आणि समोरची हांडेल्स्काडे इथूनच सगळ्यात छान दिसते.