'72 सी10 अपडेट : पुढचा स्टॅबिलायझर बार बसला, पण खरं काम बुश आणि ब्रॅकेटचं निघालं

मंडळी, ट्रकचा पुढचा अपडेट. थंडीत बॉल जॉइंट, वरच्या-खालच्या आर्मचे बुश (सांध्यात बसणारे रबरी तुकडे) आणि अडीच इंची ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आधार, जो ट्रक तेवढा खाली आणतो) झाले होते. आता बर्फ गेला, रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन निघालं, आणि पुढचा स्टॅबिलायझर बार हातात घेतला. इथे अमेरिकेत सगळे त्याला स्वे बार म्हणतात, आपल्याकडे गॅरेजवाले स्टॅबिलायझर रॉड म्हणतात, वस्तू तीच, वळणावर गाडी झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. मधे ती चेसीला ब्रॅकेट आणि बुशने धरलेली असते, टोकं लिंक नावाच्या छोट्या दांड्यांनी खालच्या आर्मला जोडलेली.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. गाडी 1972 ची शेवर्ले सी10 पिकअप, लांब हौद्याची, 127 इंच व्हीलबेस, 350 घन इंचांचं व्ही8 इंजिन, आयुष्यभर मिशिगनमध्येच राहिलेली. 67 ते 72 ह्या मॉडेलमधलं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे पुढे डिस्क ब्रेक कंपनीतूनच आहेत, 71 पासून ते सी10 ला स्टँडर्ड झाले. पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होतात, 1960 मध्ये शेवर्लेने पिकअपला पहिल्यांदा दिलं तेव्हा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) होते, 63 पासून कॉइल स्प्रिंग आल्या. मागे पाटे नाहीत, एक्सलपासून पुढे चेसीपर्यंत जाणारे दोन लांब ट्रेलिंग आर्म आणि कॉइल. ह्या मागच्या आर्मचं मला भारी कौतुक आहे, 2022 मध्ये नवी गाडी येईपर्यंत नॅसकार ह्या अमेरिकन मोटार शर्यतींच्या कप रेसिंगमध्ये मागे ह्याच धाटणीचे आर्म होते आणि तिथेही त्यांना ट्रक आर्मच म्हणायचे. म्हणजे बेस चांगला आहे, पन्नास वर्षांचे बुश आणि गंज सोडला तर.

तक्रार काय होती, तर हायवेला लेन बदलली की ट्रक आधी झुकायचा, मग क्षणभर थांबायचा, मग खालून एक बारीक 'धप्' व्हायचं आणि मग तो सावरायचा. झुकणं एकवेळ ठीक आहे, जुना ट्रक आहे, पण ते मधलं थांबणं आणि धप् मला अजिबात आवडत नव्हतं. हायवेच्या वळणदार रॅम्पवर स्टीअरिंग दोनदा द्यावं लागायचं, एकदा वळायला आणि एकदा बॉडी बसल्यावर दुरुस्त करायला. बरेच जण हे ऐकलं की लगेच म्हणतात जाड बार टाक. टाकायचा होताच, पण आधी जुना नीट बघून घेतला आणि तिथेच अर्धं उत्तर मिळालं.

जुन्या बारचा रंग खरवडून व्हर्नियर लावला तर 1 इंच भरला. बार सरळ होता, कुठे चीर नाही, काही नाही. पण चेसीला जे दोन बुश असतात त्यातला ड्रायव्हर बाजूचा काढला तर रबर दगडासारखं कडक झालेलं, वरच्या बाजूने चिरलेलं आणि आतलं भोक लांबट होऊन गेलेलं. बारखाली टॉमी (पहार) घालून हलवलं की बार बुशमध्ये तीनएक मिलिमीटर मोकळा वर-खाली व्हायचा आणि ब्रॅकेटवर टक् करून आपटायचा. म्हणजे बॉडी झुकायला लागली की आधी ही तीन मिलिमीटरची पोकळी भरणार, तोवर बार नुसता बसून, आणि मग एकदम कामाला लागणार. तेच ते थांबणं आणि तोच तो धप्. अशा बुशमध्ये दोन इंची बार घातला असता तरी पहिली तीन मिलिमीटर त्याने काहीच केलं नसतं, म्हणून माझं मत आता पक्कं झालंय, बारची जाडी नंतर बघा, आधी बार ज्याला धरून आहे ते बघा.

आता जाडीचं गणित, कारण हे विचारणारे खूप जण असतात. बारचा पीळ-विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 1 इंचावरून सव्वा इंचावर गेलात तर 1.25 चा चौथा घात म्हणजे 2.44, जवळपास अडीच पट कडक, बारच्या हाताची लांबी तेवढीच धरून. पाव इंच ऐकायला काहीच वाटत नाही पण फरक एवढा मोठा आहे. अडीच पट कडक बार म्हणजे झुकणं अडीच पटीने कमी असं मात्र नाही हां, कारण झुकण्याला स्प्रिंगापण विरोध करतात आणि मागचं सस्पेन्शनपण, बार हा त्यातला एक हिस्सा.

पोकळ की भरीव ह्यावर माझं बरंच डोकं चाललं. सव्वा इंची पोकळ बार, भिंत 3/16 इंच, म्हणजे आतलं भोक 7/8. हिशोब केला तर भरीवच्या 76 टक्के कडकपणा राहतो आणि वजन 51 टक्क्यांवर येतं, कारण पिळाचं काम बाहेरचं पोलादच करतं, मधलं नुसतं बसून असतं. ट्रॅकवरच्या गाडीला मी डोळे मिटून पोकळ घेतला असता. पण माझा ट्रक रोजच्या रस्त्यावरचा आहे, लोखंडी इंजिन पुढे बसलंय, पाच-सात किलोने काय बिघडणार, शिवाय मिठाच्या पाण्याने आतून गंजेल ही चिंता कायमची, म्हणून भरीव सव्वा इंची घेतला, पॉलियुरेथेन बुशचा, ग्रीस निपलवाला.

आता मेन काम. जुने ब्रॅकेट काढायला बोल्टांना आदल्या रात्री पीबी ब्लास्टर, म्हणजे गंज सोडवणारा स्प्रे, मारून ठेवलं, सकाळी परत मारलं, तीन बोल्ट आले, चौथ्याला प्रोपेन टॉर्चने नट लाल होईपर्यंत तापवला तेव्हा सुटला. तापवण्याआधी आजूबाजूची ब्रेक लाइन आणि रबर होज बाजूला बांधून घ्या, तेल-ग्रीस पुसून घ्या आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, हे मी दर वेळी लिहिणार. ब्रॅकेट निघाल्यावर चेसीवर वायर ब्रश फिरवला तर गंजाचे पोपडे निघाले, जाड, नखाएवढे, आणि खालून पॅसेंजर बाजूचं एक भोक अंडाकृती झालेलं दिसलं. सैल बोल्टने वर्षानुवर्षं खाऊन खाऊन ते तसं केलंय. अशा भोकात नवीन ब्रॅकेट नुसता आवळला तर तो आज घट्ट बसेल, पण अडीच पट कडक बार त्याला आधीपेक्षा जास्त जोराने ओढणार, आणि पुन्हा सैल होणार. म्हणून 3/16 ची पट्टी कापली, कानसीने कडा मारल्या, चेसीच्या आतल्या बाजूने बॅकिंग प्लेट म्हणून बसवली, भोक गोल करून एक साइज मोठा ग्रेड 8 चा (जास्त मजबूत) बोल्ट घेतला, खाली-वर जाड वॉशर. उघड्या पोलादाला एपॉक्सी प्रायमर आणि दोन हात चेसी ब्लॅक. ह्याच कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि ते सार्थकी लागलं असं माझं ठाम म्हणणं आहे.

बार बसवताना दोन गोष्टी सांभाळा. एक, दोन्ही चाकं एकाच उंचीवर पाहिजेत. एकच बाजू जॅकवर असेल तर बार पिळलेला राहतो, लिंकचं भोक जुळत नाही आणि माणूस उगाच हातोडी घेतो. मी पुढची दोन्ही चाकं गॅरेजमधल्या उतरत्या रॅम्पस्टँडवर चढवली, मागे चाकांना ओंडके लावले, ट्रक स्वतःच्या वजनावर बसलेला, त्यामुळे लिंक हाताने सरकली. दुसरं म्हणजे लिंकची लांबी. ट्रक उभा असताना बारचे हात साधारण जमिनीला समांतर पाहिजेत आणि लिंक बारला काटकोनात. इथे ड्रॉप स्पिंडलचा फायदा समजून घ्या, स्पिंडलने ट्रक अडीच इंच खाली आला तरी खालचा आर्म होता त्याच कोनात राहतो, म्हणून किटमधली मूळ लांबीची लिंकच चालते. लोअरिंग स्प्रिंग टाकल्या असतील तर आर्मचा कोनच बदलतो, तेव्हा लिंक आखूड लागते.

पॉली बुशना किटमध्ये आलेलं चिकट सिलिकॉन ग्रीसच आत-बाहेर भरपूर लावलं, कोरडं ठेवलं की चूं-चूं ठरलेलं. आधी सगळं हाताने, मग बार मध्यभागी आणून दोन्हीकडे सारखं अंतर बघितलं, मग चेसीचे बोल्ट, शेवटी लिंक, किटच्या कागदावरच्या टॉर्कने. लिंकच्या बुशला आवळून आवळून पार चपटं करू नका, किंचित फुगला की पुरे. मग स्टीअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर बारला कुठे घासत नाही ना, ब्रेक होज ताणली जात नाही ना, ते बघून घेतलं.

टेस्टबद्दल. फोनमधलं कोन मोजायचं अ‍ॅप वळणावर वापरू नका, फोनला वळणाचा बाहेरचा जोरसुद्धा कलल्यासारखाच वाटतो, आकडा फुगून येतो. मी साधी जुनी युक्ती वापरली, शॉकच्या चकचकीत रॉडवर एक झिप टाय बांधायचा, तो खाली सरकवून शॉकच्याच नळीला टेकवायचा आणि चालवून यायचं, शॉक जास्तीत जास्त किती दबला ते टायच्या जागेवरून कळतं. शॉकला धूळ-कव्हर नसेल तरच जमतं. तोच रॅम्प, तोच वेग, बाहेरच्या चाकाचा शॉक आधी पावणेदोन इंच दबायचा, आता सव्वा इंचाच्या आसपास. पण आकड्यापेक्षा मला जे पाहिजे होतं ते झालं, स्टीअरिंग वळवलं की ट्रक लगेच वळतो, मधलं थांबणं गेलं, धप् गेला, रॅम्पवर हात एकदाच वळतो. मला इतका आनंद झाला की मी वाकडा रस्ता धरून घरी आलो.

तोटापण लिहितो. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की आता धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो, डोकं थोडं डावी-उजवीकडे हलतं, आणि मिशिगनमध्ये वसंतात खड्ड्यांना तोटा नाही. माझ्या लेखी हा सौदा परवडतो.

पुढचा बार कडक केला की अंडरस्टीअर, म्हणजे वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहणं, वाढतं असं पुस्तकी ज्ञान कोणीतरी सांगणारच, आणि ते बरोबर आहे, बाहेरच्या पुढच्या टायरवर भार वाढतो. पण ह्या ट्रकची बॉडी इतकी झुकायची की बाहेरचं चाकच कलून कडेवर जायचं, आता टायर रस्त्यावर सपाट राहतो, त्यामुळे माझ्याकडे पुढची पकड प्रत्यक्षात सुधारलीय. मागेच जाड बार का नाही टाकला असंही एकाने विचारलं. हौदा रिकामा, मागचा एक्सल हलका, डिफरेन्शियल ओपन, म्हणजे एक चाक हलकं झालं की तेच नुसतं फिरतं. मागे कडक बार टाकला तर वळणात आतलं मागचं चाक हलकं होऊन फिरत बसणार, पावसात तर मागची बाजू सुटणार. अशा ट्रकला पहिला बार पुढेच.

सांगलीहून एका मित्राने जुन्या जीपबद्दल विचारलंय, पुढे-मागे पाटे असलेली. भाऊ, तू शेताच्या रस्त्याला चालवतोस, तिथे चाकं एकमेकांपासून मोकळी वर-खाली व्हायला पाहिजेत, जाड बार तेच अडवतो. आधी शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश आणि शॉक नवे कर, त्यानेच निम्मं डोलणं जाईल.

थोडं चालवून झाल्यावर सगळे नट परत टॉर्क रेंचने तपासले, चेसीचे जागचे हलले नव्हते, ड्रायव्हर बाजूच्या लिंकने अर्धा फेरा घेतला, नवीन बुश बसतो तेवढं होतंच. आता पुढचा भाग गप्प झाल्यावर मागचा एक्सल उसळीला बाजूला सरकतो ते स्पष्ट जाणवायला लागलंय, एक्सलला बाजूला सरकू न देणारा मूळ पॅनहार्ड रॉड आखूड आहे त्यामुळे. लांब, अ‍ॅडजस्टेबल रॉडची ऑर्डर टाकलीय, आणि ह्या वेळी तो यायच्या आधीच त्याची चेसीवरची भोकं साफ करून मोजून ठेवतोय.