चार मिस्ड कॉल

आज दुपारी एक अनोळखी नंबर चार वेळा वाजला आणि चारही वेळा मी कट केला. सकाळपासून कर्ज देणाऱ्यांचे पाच फोन येऊन गेले होते. वाटलं, हाही त्यातलाच.

संध्याकाळी घरी आले तर बाबा पाय चोळत बसलेले. डोळे तपासायला एकटेच गेले होते. बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातल्यामुळे समोरचं सगळं धूसर, त्यात मोबाइलची बॅटरी संपलेली. तिथल्या वॉचमनचा फोन मागून मलाच लावत होते. शेवटी त्या भल्या माणसानेच त्यांना रिक्षात बसवून दिलं.

"चारदा लावला गं. म्हटलं, कामात असशील."

रागावले असते तर बरं झालं असतं.

१९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद, मी कधीच करून ठेवलीय. जाहिरातींच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, तरी हे लोक साध्या दहा आकडी मोबाइलवरूनच फोन करतात. एक ब्लॉक केला की दुसरा हजर. आज बसून पाचही नंबरांची तक्रार केली.

पण ते चार कट काही डोक्यातून जात नाहीत. अनोळखी नंबरावरून आपलंच माणूस अडचणीत हाक मारत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

तुम्ही काय करता? उचलता असे फोन?