चेन झेनची तीन सोंगं: काम कुठवर आलं

‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (1972, दिग्दर्शक लो वेई) म्हटलं की नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं शस्त्र) आणि शेवटची उडी आठवते. पण शांघायमधला हा चेन झेन शत्रूच्या मागावर राहतो तो सोंगं घेऊन: म्हातारा पेपरवाला, हातरिक्षा ओढणारा, टेलिफोन दुरुस्त करणारा. चेन झेन साकारणारा ब्रूस ली लहानपणापासून हाँगकाँगच्या चित्रपटांत कामं करत होता, आणि त्या तालमीचं मोल या प्रसंगांत लख्ख दिसतं. म्हणून चेन झेनचा वेश स्वतः करताना मारामारीचे पोशाख बाजूला ठेवून आधी सोंगंच उभी करायला घेतली. अट एकच: सोंग अंगावर असताना लाथ मारता आली पाहिजे.

पेपरवाल्याची दाढी

क्रेप म्हणजे नकली दाढीसाठी वेणीत गुंफून मिळणारे लोकरीचे केस. पांढरा क्रेप 30 सेंमी, करडा 15 सेंमी. वेणी उसवून ओल्या फडक्याखाली मंद इस्त्री फिरवली. पहिल्या खेपेला केस पार सरळ झाले आणि दाढी बाहुलीची वाटू लागली. थोडा वळसा राहायलाच हवा. दोन्ही रंगांच्या बटा एकत्र धरून पुन्हा पुन्हा ओढल्या की मिसळतात. नुसता पांढरा वापरला तर कापूस चिकटवल्यासारखा दिसतो.

आधी त्वचा सर्जिकल स्पिरिटने पुसायची. मग स्पिरिट गमचा (कातडीवर केस चिकटवायच्या डिंकाचा) पातळ थर देऊन बोटाने टिचक्या मारत राहायचं. तार सुटायला लागली की केस लावायचे. ओल्या गमवर लावले तर केस घसरतात आणि गम वर येऊन चमकतो. सुरुवात हनुवटीच्या खालून, मग थरावर थर चढवत गालाकडे. उलट क्रमाने लावलं तर कापलेली टोकं उघडी पडतात. मिशी बाहेरच्या टोकापासून नाकाकडे. कात्री शेवटी, आणि उभी धरून. आडवी चालवली की दाढीला पायरी पडते.

सगळ्यात जास्त त्रास ओठांच्या कोपऱ्यांनी दिला. तोंड उघडलं की तिथली कातडी ताणली जाते, त्यात घाम, त्यामुळे दहा मिनिटांत कडा उचलली. आता कोपऱ्यात 3-4 मिमी जागा मोकळी सोडतो आणि तोंड अर्धवट उघडं ठेवूनच गम लावतो. तेव्हापासून दाढी ओरडण्यातही टिकली. खरी दाढी आदल्या संध्याकाळी करावी, ताज्या कातडीवर गम जळजळतो. नव्या बाटलीचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास वाट पाहायची, यात घाई नको.

रिक्षावाला

हे सोपं. टोपीचं इलॅस्टिक हनुवटीखालून न घेता डोक्यामागून घेतलं, म्हणजे गळ्याशी दिसत नाही. मात्र टोपी कपाळावर ओढली की वरून येणारा हात दिसत नाही, त्यामुळे पहिल्या फटक्याआधी ती उडवायचीच. सदऱ्याला उकळलेल्या चहाच्या पाण्यात रात्रभर ठेवून मळका रंग आणला. काखेत आणि मानेवर दुसरा हात दिला.

टेलिफोनवाला

इथे मेकअप जवळजवळ नाही, चष्मा आणि हसू एवढंच. काचा काढून टाकल्या तर बाजूने पोकळ फ्रेम कळते, काच ठेवली तर फुटण्याची भीती. साधं अ‍ॅक्रिलिक कापून बसवलं. दिव्याची चमक डोळे झाकत होती, म्हणून काड्या कानावर किंचित उंच धरतील अशा वाकवल्या. भिंग खाली झुकलं आणि चमक गेली. पिशवीतली पक्कड फोमची, रंगवलेली. चालही बसवावी लागते: खांदे पुढे, गुडघे सैल, वजन टाचांवर. लढवय्याचं वजन चवड्यांवर असतं, आणि जाणता प्रेक्षक आधी पाय पाहतो.

पुढचं काम

चेहऱ्यावर रचलेल्या दाढीला 20 मिनिटं लागतात आणि ती दुसऱ्यांदा वापरता येत नाही. तीन सोंगं एकामागून एक दाखवायची तर नेटवर, म्हणजे बारीक जाळीवर केसांच्या गाठी मारून विणलेली दाढीच हवी. क्रेप लोकरीचा, गाठीत तुटतो, म्हणून इथे याकचे केस घेतले आहेत. कडेला एका गाठीत एकच केस, मध्ये दोन-तीन. हनुवटी आणि डावा गाल विणून झाला, उजवा गाल आणि मिशी बाकी.