पाच शब्दांचे सोळा झाले तेव्हा

नाशिकच्या कॉलेज रोडला आमचं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे, मी आणि अजून दोघी. ऑक्टोबर छाटणीच्या सीझनला द्राक्षवाल्यांसाठीची पत्रकं बरीच येतात, तसंच एक फवारणीचं आलेलं, इंग्रजीचं मराठी करायचं, एकाच पानावर बसवायचंय म्हणून ५०० शब्दांच्या वर जायचं नाही असं पार्टीने बजावलेलं.

दुपारी बघते तर नवीन मुलगी रडवेली. "ताई, कितीही कापलं तरी बाराशेच्या खाली येतच नाहीये." मी वाचलं आणि पोटात गोळाच आला, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस माल काढायचा नाही ती ओळच उडवलेली! २०१० साली मालात राहिलेल्या क्लोरमेक्वॅट क्लोराईड या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली होती, निफाड-दिंडोरीकडे ते वर्ष कोणी विसरलेलं नाही. आणि ही ओळ गेली कशामुळे तर कुठल्यातरी ऑनलाईन वर्ड काउंटरमुळे.

मग मी त्यात डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचं एकच वाक्य टाकलं, 'द्राक्षबागेतल्या डाऊनीवर वेळेत फवारणी करा'. बोटांवर मोजा, पाच शब्द. टूल म्हणे १६. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर, काहीही आलं की ते तिथेच शब्द तोडत होतं, म्हणजे 'नाशिक' एक शब्द नाही, न, श, क असे तीन! दुसरं टूल उघडलं तर ०, त्याला ए टू झेड सोडून अक्षरंच कळत नव्हती. शेवटी गूगल डॉक्समध्ये कंट्रोल शिफ्ट सी दाबलं, बरोबर ५.

व्हर्जन हिस्टरीतून तिचा सकाळचा न कापलेला मजकूर काढला, तो भरला ४३२. तसंही मराठी कमीच भरते, इंग्रजीत गोदावरीच्या काठावर म्हणायला सहा शब्द लागतात, आपलं 'गोदाकाठी' एका शब्दात होतं. हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं मी.

पत्रक साडेचारला गेलं, तर लगेच पार्टीचा फोन, याचाच एक एसएमएस पण द्या. देवनागरीत एका एसएमएसला ७० कॅरेक्टर मिळतात आणि तिथे काना-मात्रा खरंच वेगळे मोजतात, नुसतं 'द्राक्ष' लिहिलं की ७ गेले. तिला शेजारी बसवलं आणि आधी ती माल काढायच्या दिवसांची ओळ बसवली, उरलेल्या जागेत बाकीचं.