करवंटीभर पाणी

माझे आजोळ जावळी तालुक्यातले, मेढ्याच्या वरच्या अंगाला सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या, कुशीत वसलेली वीस-बावीस उंबऱ्यांची वाडी. रस्ता खालून गेलेला आणि वाडी मात्र वर, याचे लहानपणी मला नवल वाटे. ती रस्त्याच्या नव्हे तर झऱ्याच्या आधाराने बसली आहे, हे ध्यानात यायला बरीच वर्षे गेली.

कासची फुले ओसरली की सड्यावर नजरेत भरण्याजोगे काही उरत नाही, म्हणून लोक त्याला उजाड म्हणतात. पण तिथला जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या किंवा काळ्या पाषाणाच्या थरापर्यंत उतरते आणि तिथे वाट अडल्याने आडवे सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर येते. उजाड सडा हीच वाडीची पाण्याची टाकी. महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारे पाणी आपण तीर्थ म्हणून घेतो. आमच्या झऱ्याला गोमुख नाही, एक फुटकी पन्हळ आहे, आणि तिच्याखाली तीन डबकी. वरचे पिण्याचे, मधले धुण्याचे, खालचे गुरांचे. हा क्रम कुठे लिहिलेला नाही, तरी तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

वैशाखात पन्हळ कोरडी पडते. मग मामी वरच्या डबक्याच्या काठी उकिडवी बसते, कातळाच्या बेचक्यात साचलेले पाणी करवंटीने अलगद उचलून कळशीत ओतते, आणि बेचके पुन्हा भरेपर्यंत हात गुडघ्यावर ठेवून थांबते. घाई केली तर गाळ ढवळतो. मागे कळश्यांची रांग लागलेली असते, आणि वाडीतल्या सोयरिकी, भांडणे, बाळंतपणे यांच्या खबरा त्या रांगेतच कळतात.

आता दारात नळ आला आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला झऱ्याचे कौतुक ऐकवणे हा शहरी आगाऊपणा आहे. पण गेल्या उन्हाळ्यात मोटार जळाली तेव्हा आठ दिवस सगळी वाडी पुन्हा वर होती. गाळ उपसताना दगडाखालून एक खेकडा निघाला. मी तो फेकायला गेलो, तर मामी म्हणाली, “असू दे रं त्याला. त्यो हाय म्हंजी पाणी हाय.”