स्क्रीनवरचे 35

"दादा, फूल आजही मिटलेलंच आहे," सकाळी मी टाकीपाशी पोचायच्या आत ती म्हणाली. आमच्या मत्स्यालयातलं रोजचं खाणं, काचा पुसणं, मोजणी-बिजणी ती बघते. पंप, नळ्या, वायरी आणि त्यांचे नखरे माझ्या वाट्याला.

फूल म्हणजे समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा प्राणी. एरवी थाळीएवढं पसरणारं ते मुठीएवढं आकसून खडकाला चिकटलं होतं. शेजारच्या मऊ प्रवाळांनी अंग चोरलं होतं, कोळंबी कोपऱ्यात गप्प. मासे मात्र मजेत. खाणं टाकताच झुंबड.

मी सवयीने आधी मोजमापं दाखवणाऱ्या आणि पंप चालवणाऱ्या कंट्रोलरकडे पाहिलं. तापमान 25.5, पीएच नेहमीसारखा, क्षारता 35.0 पीपीटी. पीपीटी म्हणजे ढोबळ मानाने लिटरमागे तितके ग्रॅम मीठ, आणि 35 म्हणजे खुल्या समुद्राचं पाणी. आकडा इतका चोख, की त्याच्यावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही. अमोनिया तपासला, शून्य. नायट्रेट तपासलं. पंपाची एखादी वायर उघडी पडून पाण्यात वीज उतरतेय का, तेही पाहिलं. तासभर असाच गेला.

आमची व्यवस्था थोडक्यात अशी. टाकी आणि खालचा संप, म्हणजे उपकरणांची कप्प्याकप्प्यांची टाकी, मिळून हजार लिटर पाणी. त्यातलं रोज दहाबारा लिटर वाफ होऊन जातं. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून ती तूट गोड्या पाण्याने भरायची. लेव्हल सेन्सर ते काम करतो. पाणीबदलासाठी नळी चेपत पाणी ढकलणारा दोन डोक्यांचा पंप आहे. एक डोकं रोज दहा लिटर जुनं पाणी काढतं, दुसरं दहा लिटर नवं खारं पाणी घालतं. (रोज 1 टक्का म्हणजे महिन्याला 30 टक्के पाणी नवं, असं वाटतं. पण काढलेल्या पाण्यात आदल्या दिवशी घातलेलं नवं पाणीही थोडं असतंच, त्यामुळे प्रत्यक्षात 26 टक्केच बदलतं.)

तिसरा पंप मात्र सर्वस्वी माझी हौस. पाण्याचा फेस करून घाण काढणारा स्किमर त्या फेसासोबत रोज लिटरभर खारं पाणी बाहेर फेकतो, म्हणजे 35 ग्रॅम मीठ गेलं. ते भरून काढायला 60 लिटरचं एक पिंप, त्यात दुप्पट कडक, लिटरला 70 ग्रॅमचं पाणी. याहून कडक केलं की कॅल्शियम तळाला पांढरा साका होऊन बसतं, म्हणून दुप्पटीवर थांबलो. संपातला प्रोब पाण्याची विद्युतवाहकता मोजणार, त्यावरून काढलेली क्षारता 35 च्या खाली गेली की कंट्रोलर पंप चालवणार. दिवसाला अर्धा लिटर पुरे, म्हणजे पिंप चार महिने चालायला हवं.

संपाखाली वाकलो तेव्हा तोच पंप घरघरताना ऐकू आला. नळीतून पाण्याऐवजी हवेचे तुकडे सरकत होते. पिंपाचं झाकण काढलं तर तळाशी पाचेक लिटर, नळीचं तोंड उघडं. पिंप मीच भरलं होतं, अकरा दिवसांपूर्वी. तारीख मार्करने झाकणावर लिहिली होती.

गोड्या पाण्याच्या पिंपाशी गेलो. ते नेहमीपेक्षा बरंच भरलेलं. साहजिकच, निम्म्याहून थोडी कमी तूट खाऱ्या पाण्यानेच भरली जात होती.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारी दुर्बिणीसारखी नळी, शोधायला ड्रॉवर उपसावा लागला. प्रोब आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, डब्यावर धूळ. आधी 35 च्या प्रमाणित द्रावणाचे दोन थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरलं. निळ्या-पांढऱ्याची सीमा बरोबर 35 वर. मग काच पुसून टाकीतलं पाणी टाकलं. सीमा 38 वर. पुन्हा पुसलं, पुन्हा 38.

"स्क्रीनवर तर 35 आहे ना?" ती म्हणाली.

मी प्रोब तसाच पाण्यात ठेवून बोटाने दोनदा टिचकी मारली. त्याच्या खाचेतून मोहरीएवढे बुडबुडे सुटून वर आले आणि आमच्या डोळ्यांदेखत 35.0 चे 36.9, 37.6 आणि 38.1 झाले.

हवेतून वीज वाहत नाही. प्रोबच्या दोन टोकांमध्ये बुडबुडे अडकले की पाणी आहे त्याहून कमी खारट दिसतं. कंट्रोलरने ते खरं मानलं आणि स्क्रीनवर 35 येईपर्यंत मीठ ओतत राहिला. म्हणजे ज्या प्रोबच्या सांगण्यावरून मीठ पडत होतं, त्यालाच मी तासभर साक्षीला उभं केलं होतं! तो 35 शिवाय दुसरं काही दाखवणारच नव्हता.

नोंदींचा आलेख काढला तेव्हा तर चेहरा लपवावासा वाटला. अकरा दिवसांपूर्वी संध्याकाळी रेघ 35 वरून सरळ 32.2 वर कोसळलेली, तिथून तिरकी चढत पुन्हा 35 वर. हजार लिटर पाण्यातून दहा मिनिटांत जवळजवळ तीन किलो मीठ जाणार कुठे? त्यासाठी ऐंशी लिटर खारं पाणी फेकून तितकंच गोडं घालावं लागलं असतं. आणि त्या संध्याकाळी झालं होतं इतकंच, की पिंप भरताना अडचण होते म्हणून मी स्किमरची परतीची नळी दुसऱ्या कप्प्यात वळवली होती. प्रोबच्या कप्प्यात. फेसाचं पाणी सरळ त्याच्या तोंडावर. धोक्याचा इशारा मी 31 ला लावला होता, त्यामुळे भोंगा वाजायचा प्रश्नच नव्हता.

मासे मजेत का, तेही कळलं. ते शरीरातलं मीठ स्वतः सांभाळतात, बाहेर थोडं वरखाली झालं तरी निभावून नेतात. समुद्रफूल आणि प्रवाळ यांना ती सोय नाही, बाहेरचं पाणी जसं तसंच आतलं.

उतरवायची घाई करून चालत नाही. तीन पीपीटी एका झटक्यात खाली आणलं असतं तर वर चढण्याने जे झालं नाही ते झालं असतं. 26 लिटर खारं काढून तितकंच गोडं घातलं की हजार लिटरमागे साधारण एक पीपीटी उतरतं. तेवढं एकेक पीपीटी आम्ही दर दोन दिवसांत मिळून उतरवलं, सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, दोन डोक्यांचा पंप बंद ठेवून, बादलीने. सहा दिवस लागले. ती दर वेळी रिफ्रॅक्टोमीटरने मोजून वहीत लिहायची, स्क्रीनकडे ढुंकून बघायची नाही. चौथ्या दिवशी कोळंबी फिरायला लागली. फूल सातव्या दिवशी उघडलं, तेही अर्धंच.

मिठाचा पंप आता प्रोबला विचारत नाही. टायमरवर दिवसाला अर्धा लिटर, बस्स. प्रोब संथ पाण्याच्या कप्प्यात हलवला आहे. तो फक्त बघतो, आणि 34 ते 36 च्या बाहेर गेलं तर ओरडतो. गेल्या आठवड्यात रात्री दोनला ओरडला. धावत आलो तर प्रोबच्या खाचेत एक इवलीशी गोगलगाय मुक्कामाला बसली होती.