थंय सातबारो असता काय रे?

यंदा चवथीला देवगडला घरी गेलो तर आरती संपते न संपते तोच चुलतभाऊ मोबाईल घेऊन पडवीत हजर. दादा हे बघ, दुबईत एक बेडरूम, दहा लाख दिरहम, बुकिंगला फक्त दहा टक्के, बाकी हप्ते. मुंबईत कुठल्या तरी हॉटेलात प्रदर्शन होतं म्हणे, तिथून भारावून आलेला. आप्पांनी, म्हणजे माझ्या काकांनी, झोपाळ्यावरूनच विचारलं, "थंय सातबारो असता काय रे?"

सगळे हसले, पण आप्पांचं चुकलं काय? आपल्याकडे दोन गुंठे घ्यायचे तरी जुने फेरफार काढतो, कुळ लागलंय का बघतो, गिरगावातल्या कुठल्या आत्याची सही राहिलीय का शोधत बसतो. आणि परदेशातलं घर पीडीएफ बघून बुक करतो.

खरं सांगू का, कागदाच्या बाबतीत दुबई आपल्यापेक्षा सोपी. 2002 पासून ठरावीक भागांत (सगळीकडे नाही हां) परदेशी माणसाला फ्रीहोल्ड, म्हणजे कायमच्या मालकीचं घर घेता येतं, लँड डिपार्टमेंटला 4 टक्के भरले की टायटल डीड, म्हणजे मालकीचा कागद हातात, बांधकाम चालू असेल तर 'ओकूद' म्हणून तात्पुरती नोंद होते. 2007 च्या कायद्यानंतर अशा चालू प्रोजेक्टचे पैसे एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्याच प्रोजेक्टसाठी राखून ठेवलेल्या खात्यातच जायला हवेत. एजंट म्हणाला आमच्या कंपनीच्या खात्यात टाका, की चहा अर्धा ठेवून उठायचं.

मग माणूस बुडतो कुठे? हप्त्यात. मी 2014 ला तिकडे नोकरीत असताना असाच फ्लॅट घेतलेला, ताबा दोन वर्षांत म्हणाले, मिळाला पाच वर्षांनी, आणि मधेच माझी नोकरी गेली. व्हिसा कंपनीचा, राहत्या घराचं भाडं चालू, हप्ता चालू. तिथे हप्ता थकला की लँड डिपार्टमेंटमार्फत 30 दिवसांची नोटीस येऊ शकते, आणि बांधकाम 80 टक्क्यांच्या वर गेलेलं असेल तर बिल्डर करार मोडून किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतःकडे ठेवू शकतो. बायकोच्या बांगड्या बँकेत ठेवून मी ते चार महिने काढले, आजही तो विषय निघाला की ती उठून आत जाते. बरं, चालू बांधकामाला बँक कर्ज देते ते किमतीच्या निम्म्यापर्यंतच. वर दरवर्षी चौरस फुटाप्रमाणे सर्व्हिस चार्ज, घराला कुलूप असलं तरी भरायचाच. प्रदर्शनात हा आकडा सांगतच नाहीत.

भावाचं तर आणखी वेगळं, कारण तो भारतात राहतो. मी तिकडे कमावलेल्या पैशातून घेतलं, उद्या कायमचा परत आलो तरी फेमाप्रमाणे (परकीय चलनाचा कायदा) ते माझ्या नावावर राहू शकतं. त्याला मात्र पैसे इथून एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली पाठवावे लागणार, वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा, 10 लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक आधीच घेणार (रिटर्न भरल्यावर वळतं होतं, पण तोवर अडकलेलंच ना), आणि ते घर दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवायचं. लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

त्यात एजंटने गोल्डन व्हिसाचं, म्हणजे तिथे लांब मुदतीला राहायच्या परवान्याचं गाजर दाखवलेलं. अरे बाबा, त्याला 20 लाख दिरहमची मालमत्ता लागते, तुझी त्याच्या निम्मी!

गंमत म्हणजे मला दुबईत बाविसाव्या मजल्यावर घर घेता येतं पण एनआरआय म्हणून आमच्याच कुंपणाला लागून असलेली पाच गुंठ्यांची कलमांची बाग विकत घेता येत नाही, शेतजमीन ना ती. वारसाने आली तर चालते. हे ऐकून आप्पांनी झोपाळा थांबवला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या मरणाची वाट बघूक व्हयी तुका."

भावाने अजून टोकन दिलेलं नाही. सर्व्हिस चार्ज किती ते लिहून द्या असा मेसेज टाकलाय, तेव्हापासून एजंटचे गुड मॉर्निंग तेवढे येतायत.